हातचा

ब्रनोत जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
जलमापन केंद्राच्या तळघरात नवं यंत्र आलं,
उंच, काळं, पंख्याचाही आवाज नाही,
आणि आमचा पंचवीस वर्षांचा प्रोग्राम
त्याच्यावर पहिल्याच श्वासाला गेला.

पडद्यावर दोन शब्द: अवैध मूल्य.
कोणतं, कुठलं, काही नाही.
यंत्र भांडत नाही,
खिडकीतून अर्ज परत सरकवतं.

स्व्रात्का नदीची पातळी दर दहा मिनिटांनी
आमच्या फाइलीत येऊन पडते.
ती फाइल मेमरीला जोडायची
तर पानाच्या कडेवरच जोडावी लागते, अधेमधे नाही.
आम्ही मागत होतो बारा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशीपासून,
म्हणजे तीन पानं सोडून.
नव्या यंत्राचं पहिलं पानच
पासष्ट हजार पाचशे छत्तीसला संपतं.
आमची कड त्याच्या पोटात कुठेतरी.

शोधलं. ४०९६, एकतीस ठिकाणी.
मग वेश पालटून बसलेले:
कुठे बारा घरं डावीकडे सरकवलेला एक,
कुठे ओळीने तीन एफ, मास्क लावून,
एका ठिकाणी तर चार गुणिले एक हजार चोवीस,
जणू हिशेब मांडला की तो विचार ठरतो.

ओटाकार विमाझालला फोन केला.
तो तिश्नोवला असतो आता, मधमाश्या पाळतो.
"झ्दिस्लावा," म्हणाला, "खोलीत एकच यंत्र होतं.
त्याला कोण विचारणार, तुझं पान केवढं?
बायकोला रोज कोणी नाव विचारतं का?"
मग बराच वेळ नुसता वारा.
"विद्यापीठात एक अल्फा होती म्हणे, आठ हजारांची पानं.
ऐकून होतो. आपल्याकडे कशाला येतेय, म्हटलं."
आणि फोन ठेवता ठेवता, का कोण जाणे:
"शेजाऱ्याच्या चौकटी माझ्या पेटीत बसत नाहीत.
तरी दर वसंतात मी एकदा बसवून बघतो."

आता प्रोग्राम उठल्या उठल्या विचारतो, सिसकॉन्फला,
आणि उत्तर जपून ठेवतो.
हेडरमधल्या आकड्यावर विसंबत नाही:
काही यंत्रांवर तो नसतोच,
असला तर कंपाइल झालं त्या दिवसाचा असतो,
चालणाऱ्या यंत्राला त्याचं काय?

बाकी सगळी दुसरीच्या वर्गातली बेरीज.
हवी ती जागा कडेवर पडत नसेल
तर मागे यायचं, कडेपर्यंत,
तिथून जोडायचं,
आणि जेवढं मागे आलो तेवढा हातचा धरून
पुढे वाचायचं.
आमची कड: शून्य.
हातचा: बारा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी.
(सोडतानाही कडेपासूनच सोडायचं,
हातच्यापासून नाही.
हे मला दुसऱ्या दिवशी कळलं,
पुन्हा तेच दोन शब्द बघून.)

एका तक्त्याला मात्र कंपाइल होतानाच माप हवं होतं.
तिथे विचारायला कोणी जागंच नसतं.
चौसष्ट के धरलं, आमच्याकडचं मोठ्यात मोठं.
जागा वाया गेली. जाऊ दे.

तीस आकडे काढले.
एकतिसाव्यावर बोट ठेवलं आणि थांबले.
हा ४०९६ फाइलीच्या मथळ्याचा होता,
ओटाकारने मोजमापांआधी सोडलेली कोरी जागा,
स्टेशनांची नावं लिहायला.
त्या यंत्राच्या पानाशी याचं काही नातं नव्हतं,
नुसतं नावसाधर्म्य.
हाही बदलला असता
तर पंचवीस वर्षांची नदी
साठ हजार बाइट खाली घसरली असती
आणि कुणी हूं की चूं केलं नसतं.

त्याच्या वर एक ओळ लिहिली:
हे पानाचं माप नाही. हात लावू नका.

मग दोन्ही यंत्रांवर चालवून पाहिलं.
एकाने म्हटलं ४०९६, दुसऱ्याने ६५५३६.
त्याखाली दोघांनी, तीच:
पातळी एकशे बारा सेंटीमीटर,
कडेला बर्फ.